बडोद्याहून परदेशात कामाला जायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलकापुरीपासून सयाजीगंजपर्यंत चालत गेलात तर पीआर (कायम वास्तव्य), वर्क परमिट, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) अशा पाट्यांनी मजलेच्या मजले भरलेले दिसतात. दांडिया बाजार, राजमहल रोड, मांजलपूरच्या मराठी घरांतली मुलं पहिली चौकशी तिथंच करतात, आणि संध्याकाळी आईवडिलांपैकी कुणीतरी मला फोन करतं. मी एजंट नाही. बरीच वर्षं कंपनीच्या एचआर खात्यात होतो. लोकांना अनुभवपत्रं लिहून देता देता या कागदांशी ओळख झाली. नियम आणि रकमा बदलत राहतात, म्हणून जिथे जमलं तिथे आकड्याबरोबर वर्ष दिलं आहे. अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आकडा पुन्हा पाहून घ्या.

सगळ्यात सोपा देश कोणता, काका?

आधी तुझं वय, तुझं नेमकं काम आणि भाषेच्या परीक्षेतले मार्क सांग, मग देश बोलू. शिक्षण तेच, पण वेल्डिंग इन्स्पेक्टरला एक देश सोयीचा आणि बँकेतल्या मुलीला दुसरा.

कामाच्या व्हिसाचे मोठे प्रकार दोनच. पहिल्यात तिथला मालक तुम्हाला नोकरीची ऑफर देतो, तुमच्यासाठी अर्ज करतो किंवा स्पॉन्सर होतो: ब्रिटनचा स्किल्ड वर्कर, अमेरिकेचा एच-१बी, जर्मनीचं ब्लू कार्ड, ऑस्ट्रेलियाचा ४८२. दुसऱ्यात तुमच्या गुणांवर सरकार तुम्हाला बोलावतं: कॅनडाची एक्सप्रेस एंट्री, ऑस्ट्रेलियाचे १८९, १९० आणि ४९१ क्रमांकाचे व्हिसा. आपण कोणत्या दारात उभे आहोत ते कळलं की अर्ध्या जाहिराती आपोआप निरुपयोगी होतात. नोकरीची ऑफर नसताना ‘यूके वर्क परमिट’ची फी कुणी मागत असेल, तर तो नेमकं काय विकतोय हा प्रश्न तिथेच विचारायचा.

कॅनडाला ६७ गुण लागतात ना? माझे ७१ होतात. मग झालं?

नाही. बडोद्यात सगळ्यात जास्त गैरसमज याच आकड्याभोवती आहे. शंभरपैकी ६७ ही एक्सप्रेस एंट्रीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर या वर्गाची पात्रता आहे, म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी. रांगेत तुमचा नंबर ठरतो तो सीआरएस नावाच्या १२०० गुणांच्या वेगळ्या हिशोबाने.

उदाहरण मांडून पाहू. २९ वर्षांचा अविवाहित इंजिनिअर, बी.ई., कॅनडाबाहेरचा, म्हणजे इथलाच, अनुभव तीन वर्षांचा, आयईएलटीएस जनरलमध्ये लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७. वयाचे ११०, पदवीचे १२०, भाषेचे १२४, पदवी आणि भाषा मिळून २५, अनुभव आणि भाषा मिळून ५०. एकूण ४२९. याच मुलाकडे मास्टर्स असतं तर ४६९. आता २०२५ मधल्या बोलावण्यांच्या फेऱ्या पाहा: त्या बहुतेक कॅनडात आधीच काम करणाऱ्यांसाठी, प्रांताचं नॉमिनेशन असलेल्यांसाठी किंवा फ्रेंच, आरोग्यसेवा अशा ठराविक गटांसाठी निघाल्या. कॅनडात काम केलेल्यांच्या फेऱ्यांचा कटऑफ पाचशेच्या वर राहिला. बडोद्यात बसलेल्या ४२९ गुणांच्या मुलाने नुसतं प्रोफाइल टाकून वाट पाहणं म्हणजे वर्ष घालवणं.

वाढवायचं काय, तर तीन गोष्टी. प्रांताचं नॉमिनेशन मिळालं की सरळ ६०० गुण वाढतात. फ्रेंचचा कटऑफ त्याच वर्षी बऱ्याचदा ४५०च्या खाली होता, पण त्यासाठी चारही भागांत एनसीएलसी (फ्रेंचसाठी कॅनडाची मोजपट्टी) ७ लागतं. ते सहा महिन्यांच्या क्लासने होतं असं कुणी म्हटलं तर त्याच्याशी चार वाक्यं फ्रेंचमध्ये बोलून पाहा. तिसरं, इंग्रजीची परीक्षा पुन्हा देणं. सगळ्यात स्वस्त उपाय हाच. जॉब ऑफरचे ५० किंवा २०० गुण मात्र २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत. तरीही ‘एलएमआयए (परदेशी माणूस घ्यायला कॅनडातल्या मालकाला मिळणारी मंजुरी) घ्या, गुण वाढतात’ सांगणारी ऑफिसं अजून आहेत.

वय किती महत्त्वाचं? मुलगा म्हणतो लग्न होऊ दे, घराचं लोन फिटू दे, मग बघू.

त्याला हे आकडे दाखवा. कॅनडात अविवाहिताला २० ते २९ वयात ११० गुण, तिसाव्या वर्षी १०५, चौतिसाव्या वर्षी ८३, चाळिसाव्या वर्षी ५० आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. ऑस्ट्रेलियात २५ ते ३२ वयाला ३० गुण, ३३ ते ३९ ला २५, ४० ते ४४ ला १५, आणि पंचेचाळीस पूर्ण झाली की १८९, १९०, ४९१ तिन्ही बंद. न्यूझीलंड त्या मानाने उदार आहे, तिथे स्किल्ड मायग्रंटसाठी ५५ पर्यंत अर्ज करता येतो, पण नोकरी किंवा तिची ऑफर हवी. लोन फिटतं, वय परत येत नाही. म्हणून आयईएलटीएस आणि पदवीचं मूल्यांकन यांना मुहूर्त बघू नका.

ऑस्ट्रेलियाचं कसं?

तीन पायऱ्या. आधी तुमच्या व्यवसायाची संस्था तुमचं कौशल्य तपासते: इंजिनिअरला इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, आयटीवाल्याला एसीएस, इतर बऱ्याच पेशांना व्हेटॅसेस, कारागिरांना ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया (टीआरए). मग स्किलसिलेक्ट या सरकारी पोर्टलवर ईओआय, म्हणजे इच्छा नोंदवणारा अर्ज, जो दोन वर्षं चालतो. मग बोलावणं आलं तरच अर्ज. पात्रतेला किमान ६५ गुण. पण बोलावणं त्याहून जास्त गुणांना येतं आणि व्यवसायाप्रमाणे ते बदलतं.

वरचाच मुलगा तीस वर्षांचा आणि पाच वर्षं अनुभवाचा धरला तर वयाचे ३०, पदवीचे १५, अनुभवाचे १०, अविवाहित म्हणून १०. आयईएलटीएसमध्ये सगळीकडे ७ असतील तर १० आणि एकूण ७५. सगळीकडे ८ आणले तर भाषेचे २० आणि एकूण ८५. राज्याने १९०साठी नॉमिनेट केलं तर ५ वाढतात, ४९१साठी १५. ४९१ पाच वर्षांचा प्रादेशिक व्हिसा आहे. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहायचं, आणि तीन वर्षांनी अटी पूर्ण असतील तर १९१ मधून पीआर. मावसभाऊ मेलबर्नला आहे म्हणून ४९१ घेऊ नका, तुम्हाला तिथे राहता येणार नाही.

इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडे ज्यांची पदवी वॉशिंग्टन करारात (इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांत मानण्याचा देशांमधला करार) बसत नाही, त्यांना सीडीआर, म्हणजे आपल्या कामाचा अहवाल, लिहावा लागतो: तीन करिअर एपिसोड, ‘मी काय केलं’ या भाषेत. भारत या करारात २०१४ मध्ये आला, पण सगळे अभ्यासक्रम आपोआप बसत नाहीत, एनबीए या आपल्या मान्यता देणाऱ्या संस्थेची टियर-१ मान्यता आणि तिची वर्षं पाहावी लागतात. सीडीआर दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. तिथे साहित्यचोरी तपासतात, आणि नंदेसरीतल्या दहा जणांनी एकाच माणसाकडून लिहून घेतलेला एकच हीट एक्स्चेंजर त्यांना बरोबर ओळखू येतो.

जर्मनीला जर्मन यायलाच हवं का?

ब्लू कार्डला कायद्याने नको, राहायला हवं. २०२५ मध्ये ब्लू कार्डसाठी वर्षाला किमान ४८,३०० युरो पगाराची ऑफर लागत होती. इंजिनिअरिंग, आयटी, वैद्यकीय अशा तुटवड्याच्या पेशांना आणि नुकत्याच पदवीधरांना ४३,७५९.८० युरो. आकडा दर जानेवारीत बदलतो. ब्लू कार्डवर बी-१ जर्मन (भाषेच्या पायऱ्या चढत्या क्रमाने ए-१, ए-२, बी-१, बी-२) असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकतं, ए-१ वर २७ महिन्यांनी. जोडीदाराला येण्यासाठी भाषेची परीक्षा लागत नाही आणि काम करता येतं, हा भाग घरातले लोक ऐकून घेत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

नोकरी नसेल तर १ जून २०२४ पासून चान्सनकार्ड आहे. एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधायची, आठवड्याला २० तास काम करायची मुभा, किमान सहा गुण, आणि ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी. खर्चाची सोय दाखवायला ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे पैसे अडकवून ठेवलेलं खातं, लागतं. २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरोप्रमाणे वर्षाचे १३,०९२ युरो. हे पैसे परत तुमचेच आहेत, पण एक वर्ष संपलं आणि नोकरी नाही मिळाली तर घरी यायचं, हे आधी पचवून जा.

पदवी चालते का हे अनाबिन नावाच्या सरकारी यादीत फुकट बघता येतं. विद्यापीठापुढे एच+ आणि तुमची पदवी समकक्ष दाखवली असेल तर त्या पानाचा प्रिंट फाइलला लावा. सापडली नाही तर झेडएबी या जर्मन सरकारी कार्यालयाकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं.

मी गोरवा आयटीआयचा फिटर. आमच्यासारख्यांना काही आहे, की सगळं इंजिनिअरांचंच?

आहे, आणि पाट्यांवर ते कमी दिसतं. मार्च २०२४ पासून जर्मनीत पदवीला तिथली औपचारिक मान्यता नसतानाही, आपल्या देशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं शिक्षण आणि दोन वर्षांचा अनुभव असेल तर नोकरीच्या ऑफरवर जाता येतं. पगाराची किमान मर्यादा मात्र आहे. ऑस्ट्रेलियात फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियनची तपासणी टीआरएमार्फत होते, प्रात्यक्षिकासह. कॅनडाच्या ट्रेड्स वर्गाला तिथली ऑफर किंवा तिथल्या प्रांताचं सर्टिफिकेट हवं. तुमचं दोन वर्षांचं एनसीव्हीटी प्रमाणपत्र आणि मार्कशीट आधी जपून ठेवा. मालकाने काम शिकवलं एवढं तोंडी सांगून यातलं काहीच पुढे जात नाही.

ब्रिटन?

स्किल्ड वर्करसाठी २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगाराची मर्यादा ४१,७०० पौंड झाली आणि काम पदवीच्या पातळीचं असावं लागतं. त्याच दिवसापासून परदेशातून केअर वर्करची नवी भरती बंद आहे. ८ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदारांना इंग्रजी बी-२ पातळीचं लागतं. स्पॉन्सर परवाना असलेल्या कंपन्यांची यादी सरकार उघड ठेवतं. ऑफर आली की कंपनीचं नाव तिथे शोधा. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी कंपनी देते तो दाखला) हा विकत घ्यायचा कागद नाही. विकणारा गुन्हा करतो, आणि घेणाऱ्याचा पैसाही जातो, व्हिसाही.

१८ ते ३० वयाच्या पदवीधरांसाठी इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम मात्र जरूर पाहा. दोन वर्षं राहता येतं, ऑफर लागत नाही, वर्षाला ३,००० जागा, नावं सोडतीने निघतात आणि सोडतीत नाव टाकायला पैसे पडत नाहीत. सोडतीत ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

आणि अमेरिका? तिथं तर सगळ्यांचेच नातेवाईक आहेत.

नातेवाइकांनी नोकरीचा व्हिसा मिळत नाही. एच-१बीच्या वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. कंपनी मार्चमध्ये नोंदणी करते, जागांपेक्षा नावं जास्त असल्याने निवड होते, आणि सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठी नव्या अर्जावर १,००,००० डॉलरचा बोजा आला. बडोद्यात बसून थेट एच-१बीची आशा आता ठेवू नका. ग्रीन कार्डची रोजगारातली रांग भारतीयांसाठी कित्येक वर्षांची आहे, कारण एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांपेक्षा जास्त जात नाही.

आखाताचं काम ‘मायग्रेशन’ म्हणायचं का?

ते काम आहे, स्थायिक होणं नव्हे. करार संपला की परत. पण कोयलीच्या रिफायनरीत आणि पेट्रोकेमिकलमध्ये शिकलेल्या कित्येकांनी तिथेच घर उभं केलं. दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ईसीआर (जाण्याआधी तपासणी लागते असा शेरा) असतो आणि ठरलेल्या १८ देशांत नोकरीला जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदलेल्या एजंटलाच भरती करता येते; नाव ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासा. त्याची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी. व्हिजिट व्हिसावर पाठवून ‘तिथे गेल्यावर बदलून देऊ’ हा सगळ्यात महागात पडणारा शब्द.

मार्कशीटवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर शेवटी. हे चालेल?

बडोद्याचं हे खास दुखणं. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर ‘जोशी मीरा संजय’ असा क्रम, पासपोर्टवर मीरा संजय जोशी, पॅनवर कधी मीरा एस. जोशी. लग्नानंतर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव लागलं की चौथा अवतार. नुसता क्रम उलटा असेल तर बहुतेक ठिकाणी अडत नाही; अक्षरं वेगळी असतील तर अडतं. पदवी जुन्या नावावर आणि पासपोर्ट नव्या नावावर असेल तर लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. लग्नाची नोंदणी महानगरपालिकेत केलेली नसेल, तर हॉलची पावती आणि पत्रिका दाखवून परदेशात कुणी मानत नाही. आधी नोंदणी करा.

जुना जन्मदाखला गुजरातीत असतो, बऱ्याचदा त्यात मुलाचं नावच नसतं, नुसतं ‘पुरुष’ आणि आईवडिलांची नावं. नाव घालून नवा दाखला काढा. गुजराती कागदांचं इंग्रजी भाषांतर अनुवादकाच्या सही-शिक्क्यासह लागतं. मराठी माध्यमात शिकलेल्या जुन्या पिढीची कागदं मराठीतही असतात, त्यांनाही तेच.

अनुभवपत्र कसं असावं?

इथे मी जरा लांबण लावणार, कारण फायली इथेच अडकतात. ‘श्री. अमुक यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले, त्यांना शुभेच्छा’ हे पत्र निरोपसमारंभाला ठीक. व्हिसासाठी हे लागतं: लेटरहेड, पत्त्यासकट, पद, रुजू आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते, आणि केलेल्या कामाची पाच-सात वाक्यं, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, थेट संपर्क. पद बदललं असेल तर प्रत्येक पदाचा काळ वेगळा. कॅनडासाठी ही कामं त्यांच्या एनओसीच्या (व्यवसायांच्या सरकारी यादीच्या) वर्णनाशी जुळावी लागतात. शब्द जसेच्या तसे उतरवले तर संशय येतो. आपण काय करत होतो ते आपल्या यंत्रांच्या नावानिशी लिहा.

मकरपुरा जीआयडीसीतल्या छोट्या युनिटमध्ये पगार रोखीने घेतलेल्यांना इथे घाम फुटतो. बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, पीएफ पासबुक यातलं काही तरी लागतं. काही नसेल तर आजपासून पगार बँकेत घ्यायला सांगा. मालक सही द्यायला कुरकुर करत असेल तर वरिष्ठाचं प्रतिज्ञापत्र जोडता येतं, पण त्याचं वजन कमी.

विद्यापीठाचे कागद कधी काढायचे?

सगळ्यात आधी. कॅनडाला ईसीए, म्हणजे पदवीचं मूल्यांकन, लागतं. ते करणारी डब्ल्यूईएससारखी संस्था ट्रान्सक्रिप्ट (गुणांची अधिकृत नोंद) तुमच्या हातून नव्हे, विद्यापीठाकडून मागते. अहवाल पाच वर्षं चालतो, आयईएलटीएस फक्त दोन, म्हणून क्रम असा ठेवा: आधी ट्रान्सक्रिप्ट, मग परीक्षा. सुट्ट्या, परीक्षा आणि प्रवेशाच्या हंगामात कागद हलत नाहीत हे सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्याला सांगायला नको.

मांजलपूरचा फ्लॅट आणि आईचं सोनं दाखवलं तर चालेल?

कॅनडाला फ्लॅट नाही, सोनं नाही. पैसा काढता येण्यासारखा हवा: बचत खातं, फिक्स्ड डिपॉझिट. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक येते, म्हणून अर्जाच्या आठवड्यात काकांकडून वीस लाख वळते करून उपयोग नाही. वडिलांनी दिलेली रक्कम असेल तर परत मागणार नाही असं गिफ्ट डीड आणि त्यांच्या खात्याचा माग जोडा. पैसे बाहेर पाठवताना एलआरएसची (रिझर्व्ह बँकेच्या त्यासाठीच्या योजनेची) मर्यादा एका आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलर. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) नाही.

मधेच लग्न ठरलं तर?

अर्ज चालू असताना लग्न झालं की लगेच कळवायचं. कॅनडात पीआरचा अर्ज करताना जोडीदार आणि मुलं सोबत येणार नसली तरी दाखवावीच लागतात, आणि त्यांची तपासणीही होते. लपवलेल्या जोडीदाराला नंतर स्पॉन्सर करायचा रस्ता बंद होऊ शकतो. ‘साखरपुडा झालाय, पीआर हातात आली की लग्न करू’ हा बेत कागदोपत्री चालतो, पण साखरपुड्याच्या दिवशी कोर्टात नोंदणी करून ठेवायची घरच्यांची युक्ती चालत नाही. तुम्ही त्या दिवसापासून विवाहित.

पोलीस क्लिअरन्स, बायोमेट्रिक, मेडिकल कुठे?

पीसीसीचा, म्हणजे पोलीस क्लिअरन्सचा, अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर. दुसऱ्या देशात जास्त काळ राहिला असाल तर तिथलीही पीसीसी: कॅनडाला मागच्या दहा वर्षांत सलग सहा महिने, ऑस्ट्रेलियाला एकूण बारा महिने हा हिशोब. कुवेत-सौदीहून परतलेल्यांनी तिथून निघायच्या आधीच ती काढावी, इथून काढताना फार फिरवतात. बायोमेट्रिकला अहमदाबादला जावं लागतं. मेडिकल फक्त त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरकडे, घरच्या डॉक्टरचं पत्र कितीही चांगलं असलं तरी.

एजंट घ्यावा की नाही?

फाइल सरळ असेल, इंग्रजी वाचता येत असेल, तर नको. व्हिसा आधी नाकारला गेला असेल, नावात किंवा अनुभवात गुंता असेल, तर परवानाधारक माणूस घ्या. कॅनडासाठी सीआयसीसी या सल्लागारांच्या नियामक संस्थेचा सदस्य, ऑस्ट्रेलियासाठी तशीच मारा नोंदणी. दोन्ही नंबर ऑनलाइन तपासता येतात. काचेवर झेंडे लावणं म्हणजे नोंदणी नव्हे. करार लिहून घ्या, फी टप्प्याटप्प्याने द्या, आणि पोर्टलचा लॉगिन तुमच्याकडे ठेवा. ‘एक अनुभवपत्र आम्ही बनवून देऊ’ असं ऐकलं की उठा. खोट्या कागदावर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं, ऑस्ट्रेलिया बहुधा तीन, आणि सही एजंटची नसते, तुमची असते.

आईबाबांना नेता येईल का?

लगेच कायमचं, बहुतेक ठिकाणी नाही. कॅनडाचा सुपर व्हिसा एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहू देतो; उत्पन्न आणि आरोग्यविमा दाखवावा लागतो. ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसावर आईवडिलांना आश्रित म्हणून नेता येत नाही. हा प्रश्न जाण्याआधी घरात बोलून घ्या, विमानतळावर नको.

निघताना इथलं काय काय बंद करायचं?

बँकेला अनिवासी झाल्याचं कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं इथलं खातं) करा. साधं खातं तसंच चालू ठेवणं फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमात बसत नाही. डिमॅट आणि म्युच्युअल फंडांची केवायसी बदला. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो, अनिवासी झाल्यावर नवा उघडता येत नाही. बँकेच्या ओटीपीसाठी इथला मोबाइल नंबर रोमिंगसह चालू ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात खातं अडकतं. आणि मूळ पदवी प्रमाणपत्रं हातसामानात न्या, चेक-इन बॅगेत नको.